बीपी पडलं नव्हतं, मग किडनी का थांबली?

सेप्सिसने (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादाने) दगावलेल्या माणसाच्या किडनीची स्लाइड पहिल्यांदा बघणारा विद्यार्थी बहुतेक वेळा हळूच विचारतो, "मॅडम, स्लाइड बदलली तर नाही ना?" सोबतच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं की लघवी बंद होती, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) सहाच्या वर, डायलिसिसही झालं होतं. आणि आयपीसमधून दिसते ती जवळजवळ धडधाकट किडनी. ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे पुंजके, जागच्या जागी, गोल, उघडे. गाळलेला द्रव पुढे नेणाऱ्या काही नळ्यांमधल्या पेशी जरा फुगलेल्या, पॅस नावाचा रंग दिला तर कुठे कुठे ब्रश बॉर्डर (पेशीच्या टोकावरची ब्रशसारखी बारीक झालर) झडलेली, एखादी पेशी सुटून नळीच्या पोकळीत पडलेली. शेजारच्या नळीत काहीच नाही. एवढ्याशा बिघाडाने दोन्ही किडन्या ठप्प होतील, असं ती स्लाइड बघून कुणी म्हणणार नाही.

मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे ऊतकं मायक्रोस्कोपखाली तपासणारी डॉक्टर, मिरजेत. रोजचं काम म्हणजे गर्भाशय, पित्ताशय, थायरॉइडच्या गाठी आणि तोंडाचे कॅन्सर (तंबाखूच्या कृपेने ते कधी कमी पडत नाहीत). किडनीचं वेड एम.डी. करतानाचं. आमच्या भागात किडनीच्या बायोप्सी वर्षाला फार येत नाहीत, पण आल्या की मी चहा बाजूला ठेवते.

हे सगळं लिहायला निमित्त झालं आमच्या आत्याचं. तासगावची, पासष्टी ओलांडलेली, मधुमेह जुना, आणि उजव्या मूत्रवाहिनीत खडा अडकलेला. थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ होतीच, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती असंबद्ध बडबडायला लागली. सांगलीला दाखल केलं. ब्लड कल्चरच्या दोन्ही बाटल्यांत ई. कोलाय हे जंतू वाढले. युरॉलॉजिस्टने त्याच रात्री मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट ही बारीक नळी टाकून अडलेली लघवी मोकळी केली, अँटिबायोटिक त्याआधीच सुरू झालं होतं. बीपी एकदाच जरा खाली आलं, सलाइनने सावरलं. तरीही तिसऱ्या दिवशी लघवी जेमतेम वाटीभर, आणि क्रिएटिनिन एकवरून साडेचारवर.

आत्याचा मुलगा फोनवर म्हणाला, "अक्का, बीपी तर पडलंच नाही म्हणत्यात. खडा उजव्या बाजूला. मग डावी किडनी कशी गेली गं?"

प्रश्न अगदी नेमका होता. फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे.

आधी जुनं उत्तर, कारण अजूनही पुष्कळ ठिकाणी तेच दिलं जातं. १९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं पहिला दिवस बरी वाटायची आणि मग त्यांची लघवी बंद होऊन ती जायची. बायवॉटर्स आणि बील या दोघांनी अशा रुग्णांच्या किडन्या तपासून त्यांतल्या नळ्यांची हानी नोंदवली. चिरडलेल्या स्नायूंतून सुटलेलं मायोग्लोबिन हे प्रथिन आणि शॉक, दोन्हींचा तो परिणाम. पुढच्या काही दशकांत 'अॅक्यूट ट्यूब्युलर नेक्रोसिस' (नळ्यांच्या पेशी अचानक मरणं) ही निदानाची एक मोठी पिशवी तयार झाली आणि सेप्सिसही तिच्यात टाकला गेला. तर्क सरळ होता: जंतुसंसर्गाने रक्तदाब पडतो, किडनीला रक्त कमी मिळतं, नळ्यांच्या पेशी गुदमरून मरतात. उंदराच्या किडनीची धमनी चिमट्याने अर्धा तास बंद करून हा तर्क प्रयोगशाळेत सिद्धही करता यायचा. फक्त एक अडचण होती. सेप्सिसमध्ये धमनीला कुणी चिमटा लावत नाही.

मेलबर्नला रिनाल्डो बेलोमो, क्रिस्टोफ लँगेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदीर सोडून मेंढ्या घेतल्या. किडनीच्या धमनीभोवती प्रवाह मोजणारा प्रोब बसवला आणि मेंढीच्या रक्तात जिवंत ई. कोलाय सोडले. २००६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष जुन्या तर्काच्या अगदी उलट होता. हृदय जोरात चाललेलं, किडनीकडे जाणारं रक्त कमी होण्याऐवजी चांगलंच वाढलेलं, आणि तरीही क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी रक्त किती साफ करते याचं माप, कोसळलेला. रक्त भरपूर, काम बंद. माणसांत प्रवाह कधी वाढलेला, कधी घटलेला सापडतो, त्यामुळे सगळ्यांना मेंढीचा नियम लावता येत नाही. पण प्रवाह कमी झाल्याशिवाय किडनी बंद पडत नाही, ही समजूत मात्र त्या मेंढ्यांनी मोडली.

मग बंद पडते कशाने? इथे पेशीपर्यंत उतरावंच लागतं.

दोन्ही किडन्या मिळून तीनशे ग्रॅमच्या आसपास. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त या तीनशे ग्रॅमला मिळतो, म्हणजे मिनिटाला लिटरभर. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव ग्लोमेरुलसमधून गाळला जातो आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात ओढला जातो. ही ओढाओढ करणारी मुख्य पेशी म्हणजे प्रॉक्झिमल ट्यूब्यूलची, ग्लोमेरुलसला लागून असलेल्या नळीच्या पहिल्या भागाची. एका बाजूला दाट ब्रश बॉर्डर, दुसऱ्या बाजूला सोडियम-पोटॅशियम पंप, आणि मध्ये खच्चून भरलेले मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारे. ही पेशी मुख्यतः फॅटी अॅसिड जाळून जगते. ऑक्सिजनशिवाय नुसत्या साखरेवर वेळ मारून नेण्याची सोय तिच्याकडे फार कमी. किडनी जो ऑक्सिजन वापरते त्यातला बहुतेक वाटा सोडियम ओढण्यावरच खर्च होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ई. कोलायकडे. या जंतूच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड असतं, ज्याला आपण एंडोटॉक्सिन म्हणतो. जंतू मेला तरी त्याचे तुकडे रक्तात फिरत राहतात. ते ओळखणारा पेशीवरचा रिसेप्टर म्हणजे टीएलआर-४. ब्रूस ब्यूटलर यांच्या प्रयोगशाळेने १९९८ साली एंडोटॉक्सिनला दाद न देणाऱ्या उंदरांवरून तो शोधला आणि २०११ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. पांढऱ्या पेशींवर टीएलआर-४ असतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो प्रॉक्झिमल ट्यूब्यूलच्या पेशींवरही असतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

म्हणजे डाव्या किडनीला खड्याशी देणंघेणं नव्हतं. तिच्यापर्यंत रक्तातून एंडोटॉक्सिन पोचलं, तिच्याच ग्लोमेरुलसमधून गाळलं गेलं आणि थेट नळीच्या पहिल्या वळणावर, एस-१ नावाच्या भागात, ब्रश बॉर्डरवर येऊन बसलं. इंडियानापोलिसच्या संशोधकांनी २०११ साली उंदरांत हे प्रत्यक्ष पाहिलं. एस-१ मधल्या पेशी एंडोटॉक्सिन आत ओढून घेतात आणि स्वतःला बऱ्यापैकी सांभाळतात. ऑक्सिडेटिव्ह ताण मात्र उमटतो तो पुढच्या एस-२ भागातल्या पेशींत. या शोधाचं मला सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं. स्लाइडवर एक नळी बिघडलेली आणि शेजारची साफ का दिसते, याचा एक धागा तरी त्यात सापडतो.

टीएलआर-४ चेतला की पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होतं आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ अशी दाह पेटवणारी रसायनं तयार होऊ लागतात. जंतूंच्या तुकड्यांबरोबर आता आपल्याच फुटलेल्या पेशींचा मालही रक्तात फिरत असतो: एचएमजीबी-१ हे प्रथिन, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. तोही गाळला जातो, तोही नळीतल्या पेशींना डिवचतो. म्हणूनच पहिल्या दिवशीच्या अँटिबायोटिकने जंतू मेले तरी तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन चढत राहू शकतं. कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे पेशींची भानगड मिटली, असं नसतं.

हे नळीच्या आतल्या बाजूचं. बाहेरच्या बाजूला, नळ्यांना वेढून असलेल्या बारीक केशवाहिन्यांत, दुसरीच गडबड चाललेली असते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर शर्करा आणि प्रथिनांचा एक नाजूक थर असतो, ग्लायकोकॅलिक्स. सेप्सिसमध्ये तो झडतो. त्यातलं सिंडिकॅन-१ हे प्रथिन रक्तात मोजता येतं. थर गेला की पांढऱ्या पेशी उघड्या अस्तराला चिकटतात, वाहिनी पाझरायला लागते, बारीक गुठळ्या होतात, आणि नायट्रिक ऑक्साइड नको तिथे नको तेवढं सुटतं. परिणामी काही केशवाहिन्यांतून रक्त धावतं, काहींत रेंगाळतं, काहींत थांबतंच. मोठ्या धमनीवर मोजलेला एकूण प्रवाह छान दिसतो, पण तो पेशीपेशीला सारखा वाटला जात नाही. मेलबर्नच्याच गटाने नंतर मेंढ्यांच्या किडनीत ऑक्सिजन मोजणारे बारीक प्रोब खुपसले, तेव्हा एकूण प्रवाह वाढलेला असतानाही किडनीच्या आतल्या भागात, मेड्युलामध्ये, ऑक्सिजन घटलेला सापडला. मुळात मेड्युलाला एरवीही ऑक्सिजन बेताचाच मिळतो.

पाझरलेलं पाणी जातं कुठे? नळ्यांच्या मधल्या जागेत. किडनीभोवती घट्ट कॅप्सूल असते, ती फारशी ताणत नाही. आत सूज आली की दाब वाढतो आणि केशवाहिन्या आणखी दबतात. इथे एक गोष्ट नातेवाइकांना पटवणं फार अवघड जातं. लघवी होत नाही म्हणून 'अजून सलाइन लावा' हा आग्रह. सुरुवातीचं सलाइन लागतं, जीव वाचवतं. पण गरज संपल्यावर ओतलेली प्रत्येक बाटली शिरांमधला दाब वाढवते आणि आधीच सुजलेल्या किडनीला आणखी कोंडते. आत्याच्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो गप्प बसला. पटलं की नाही, कोण जाणे.

आता नळीतली पेशी या सगळ्याला उत्तर काय देते ते बघा. मायटोकॉन्ड्रिया सुजतात, त्यांच्या आतल्या घड्या विस्कटतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते फुगलेल्या, फिकट पिशव्यांसारखे दिसतात. बिघडलेला मायटोकॉन्ड्रिया ऊर्जा कमी आणि घातक ऑक्सिजन रेणू जास्त सोडतो, म्हणून पेशी त्याला गुंडाळून पचवून टाकते. याला मायटोफॅजी म्हणतात. त्याच वेळी पीजीसी-१ अल्फा हा नवे मायटोकॉन्ड्रिया घडवणारा नियंत्रक खाली येतो. बॉस्टनच्या समीर पारीख यांच्या गटाने २०११ साली उंदरांत दाखवलं की एंडोटॉक्सिन दिल्यावर तो घटतो, आणि किडनी सुधारायला लागते तेव्हा तो परत वर येतो. ज्या उंदरांच्या प्रॉक्झिमल ट्यूब्यूलमधून तोच काढून टाकला होता, त्यांची किडनी नीट परतलीच नाही.

ऊर्जा कमी पडली की पेशी खर्चाला कात्री लावते, आणि सगळ्यात मोठा खर्च सोडियम ओढण्याचा. त्यामुळे सोडियम आत घेणारे वाहक कमी होतात आणि पंप आपल्या ठरलेल्या बाजूवरून ढळतात. पेशीविभाजनही थांबतं: पेशी विभाजनाच्या तयारीच्या पहिल्या, जी-१ टप्प्यात थबकते, म्हणजे तुटपुंज्या ऊर्जेत डीएनएची प्रत काढायच्या भानगडीत पडत नाही. थबकलेल्या पेशी टिंप-२ आणि आयजीएफबीपी-७ ही दोन प्रथिनं सोडतात, ती लघवीत सापडतात, आणि २०१४ पासून अमेरिकेत त्यांवर आधारलेली चाचणी मान्यताप्राप्त आहे. आमच्याकडच्या लॅबमध्ये ती होत नाही, पण कल्पना सुरेख आहे: पेशी मरायच्या आत, तिने काम थांबवल्याची खबर मिळवायची.

इचलकरंजीच्या पॉवरलूमवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. भारनियमनात माग बंद ठेवतात, कारण अर्ध्या विजेवर चालवले तर मोटर जळते. मागाचं काही मोडलेलं नसतं, पण कापड शून्य निघतं.

राहिला प्रश्न, नळीतली पेशी थबकली तर वरचं ग्लोमेरुलस गाळायचं का थांबतं? नळीच्या पुढच्या टोकाला मॅक्युला डेन्सा नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो, आपल्याच ग्लोमेरुलसला खेटून. त्याच्यापर्यंत किती मीठ पोचतंय हे तो सतत चाखत असतो. प्रॉक्झिमल ट्यूब्यूलने मीठ ओढायचं सोडलं की ते सगळं पुढे वाहत येतं, मॅक्युला डेन्सा खूण करतो, आणि ग्लोमेरुलसमध्ये रक्त आणणारी वाहिनी आकसते. रक्त बाहेर नेणारी वाहिनी मात्र सेप्सिसमध्ये सैल पडलेली असू शकते. आत येणारं दार अरुंद, बाहेरचं सताड उघडं, तर गाळायला लागणारा दाब येणार कुठून? गाळणं घटतं, लघवी घटते. एका अर्थी हे शहाणपणच आहे. दिवसाला १८० लिटर गाळून ते परत ओढता आलं नाही, तर माणूस काही तासांत कोरडा पडेल.

पेशी थांबल्यात की मेल्यात, हे बघायला मी आत्याच्या लघवीचा नमुना मुद्दाम मागवून घेतला. सेंट्रिफ्यूज करून तळचा गाळ पाहिला. थोडे मातकट ग्रॅन्युलर कास्ट (मेलेल्या पेशींच्या कचऱ्याचे नळीत बनलेले साचे), काही सुटलेल्या नळीच्या पेशी, पूपेशी भरपूर. मातकट कास्टने स्लाइड गच्च भरलेली असती तर मला जास्त धास्ती वाटली असती. आत्याच्या मुलाला सांगितलं, डावी किडनी मेलेली दिसत नाही, थांबलेली दिसते. लगेच शपथ घालू नकोस, पण आशा ठेव.

क्रिएटिनिनवर सगळ्यांचा जीव टांगलेला असतो म्हणून त्याबद्दल दोन ओळी. ते स्नायूंतून रोज ठरावीक गतीने तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. किडनीने आज दुपारी पूर्ण काम थांबवलं तरी आज संध्याकाळी क्रिएटिनिन जवळजवळ कालचंच येईल. ते दिवसाला साधारण एक ते दीड मिलिग्रॅमने चढत जातं. वयस्कर, स्नायू झिजलेल्या माणसात त्याहून हळू. म्हणजे कागदावरचा आकडा नेहमी एक-दोन दिवस मागचं सांगत असतो, चढतानाही आणि उतरतानाही. लघवीचं माप त्या मानाने जास्त प्रामाणिक. वजनाच्या किलोमागे तासाला अर्ध्या मिलिलिटरहून कमी लघवी सलग सहा तास, एवढ्यावरच किडनीच्या तीव्र इजेचं निदान करता येतं. कॅथेटरच्या पिशवीकडे बघणारी सिस्टर लॅबच्या आधी सावध होते ती यामुळेच.

माणसांच्या किडनीत आम्ही नक्की काय पाहिलंय, हे सांगायला हवं, कारण वरचं बरंचसं उंदीर-मेंढ्यांचं आहे. सेप्सिसच्या रुग्णाची बायोप्सी सहसा कुणी करत नाही. प्लेटलेट कमी, रक्त पातळ, सुई घातली तर रक्तस्राव. उरतं पोस्टमॉर्टेम. आणि तिथे आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा सापळा आहे: प्रॉक्झिमल ट्यूब्यूलच्या पेशी मृत्यूनंतर अक्षरशः काही तासांत स्वतःच्याच एन्झाइमने विरघळायला लागतात. केंद्रकं फिकट, ब्रश बॉर्डर गायब, पेशी सुटलेल्या. हुबेहूब नेक्रोसिससारखं दिसतं. रात्रभर शवागारात राहिलेल्या देहाच्या किडनीवर 'अॅक्यूट ट्यूब्युलर नेक्रोसिस' लिहिलेला अहवाल दिसला की मी त्यावर चटकन विश्वास ठेवत नाही. मेल्यानंतर झालेली हानी आणि मरण्याआधीची हानी वेगळी करणं दरवेळी जमत नाही.

म्हणून सेंट लुईसच्या रिचर्ड हॉचकिस यांच्या गटाचं काम मोलाचं. नातेवाइकांची संमती घेऊन, मृत्यूनंतर थोड्याच वेळात, खाटेपाशीच ऊतक काढून घ्यायचं. २०१३ साली त्यांनी सेप्सिसने गेलेल्या ४४ जणांची हृदयं आणि किडन्या अशा तपासल्या. बहुतेक किडन्यांत इजा होती, पण तुटक तुटक. नेहमीच्या मायक्रोस्कोपखाली सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास नळ्यांत. मेलेल्या पेशी फारच थोड्या. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मात्र सुजलेले मायटोकॉन्ड्रिया आणि वाढलेले ऑटोफॅगोसोम, म्हणजे पेशीने बिघडलेला माल गुंडाळलेल्या पिशव्या.

सगळे एकमताने हेच सांगतात असं नाही. फ्रान्समध्ये २०१० साली सेप्टिक शॉकने गेलेल्या १९ जणांच्या किडन्यांत पेशींचा अॅपॉप्टोसिस (पेशीने स्वतःच ओढवून घेतलेलं मरण) आणि केशवाहिन्यांत अडकलेल्या पांढऱ्या पेशी बऱ्यापैकी सापडल्या होत्या. ते रुग्ण जास्त गंभीर होते, शॉकमधले. मला स्वतःला दोन्ही खरं वाटतं. सेप्सिसची सुरुवात पेशी थांबवण्याने होते आणि शॉक लांबला तर त्याचं मरणात रूपांतर होतं. आपण कुठल्या वेळी डोकावतो त्यावर चित्र ठरतं.

किडनीचं खरं मरण कसं दिसतं हेही माहीत हवं. आमच्या शिक्षकांच्या पिढीने असुरक्षित गर्भपात आणि बाळंतपणातल्या जंतुसंसर्गाने आलेलं कॉर्टिकल नेक्रोसिस खूप पाहिलं. ती किडनी कापली की हाताला आणि डोळ्याला लगेच कळतं: बाहेरची कॉर्टेक्स फिकट पिवळी, मेलेली, आतली मेड्युला गडद लाल. ग्लोमेरुलसमध्ये फायब्रिनच्या (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या) गुठळ्या ठासलेल्या. तिथे नळ्याच काय, गाळणीच मेलेली असते, आणि ती परत येत नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यानंतर आणि दवाखान्यातली बाळंतपणं वाढल्यावर हे प्रमाण आपल्याकडे पुष्कळ घटलं. म्युझियमच्या बरणीत एक नमुना होता, त्यावरची चिठ्ठी वाचायला मला कधी आवडलं नाही. वय बावीस होतं.

आणि लेप्टोस्पायरोसिसला यात मिसळू नका, कोकणातल्या वाचकांसाठी मुद्दाम. तिथे जंतू स्वतः किडनीच्या ऊतकात शिरून बसतो, मधल्या जागेत दाह करतो, आणि किडनी बिघडूनही रक्तातलं पोटॅशियम वाढण्याऐवजी कित्येकदा कमीच सापडतं. ती गोष्ट वेगळी, कधीतरी सवडीने.

पेशी जर थांबलेली आहे, तर तिला चालू करायचं औषध काय? नाही. सरळ उत्तर आहे, नाही. एके काळी 'किडनीसाठी' म्हणून थेंबथेंब डोपामिन हे औषध लावायची पद्धत होती. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ३२८ रुग्णांवर त्याची नीट चाचणी झाली आणि काडीचाही फायदा दिसला नाही. लॅसिक्सचं इंजेक्शन लघवी वाढवतं, पेशीला बरं करत नाही. जे करता येतं ते असं: जंतूचं मूळ काढा (आत्याच्या बाबतीत स्टेंट), योग्य अँटिबायोटिक लवकर, बीपी सांभाळा, पाणी मापात, आणि थबकलेल्या पेशीला नवा त्रास देऊ नका. अॅमिकासिन, जेंटामायसिन ही अँटिबायोटिक इंजेक्शनं याच प्रॉक्झिमल पेशी आत ओढून घेतात आणि आपल्या लायसोसोममध्ये (पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांत) साठवतात. वेदनाशामक गोळ्या ग्लोमेरुलसकडे रक्त आणणारी वाहिनी आणखी आकसवतात.

डायलिसिसबद्दलही घाई नको. फ्रान्समध्येच सेप्टिक शॉकच्या रुग्णांवर २०१८ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली: एका गटाला लगेच डायलिसिस, दुसऱ्या गटात तातडीचं कारण नसेल तर ४८ तास थांबायचं. मृत्यूंत फरक पडला नाही, आणि थांबलेल्या गटातल्या चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त रुग्णांची किडनी डायलिसिसशिवायच परतली. पोटॅशियम वाढलं, फुप्फुसात पाणी भरलं, तर थांबायचं नसतं हे वेगळं सांगायला नको. आत्याच्या नेफ्रॉलॉजिस्टने दोनदा डायलिसिस केलं आणि मग हात आखडता घेतला. तो निर्णय मला आवडला. आठवडा उलटल्यावर लघवी वाढायला लागली, आधी पाण्यासारखी आणि भरमसाट, कारण गाळणं परत आलेलं असतं पण ओढणारी पेशी अजून पुरती सावरलेली नसते. घरच्यांना आनंद, आणि आयसीयूतल्या रेसिडेंटला दर सहा तासांनी पोटॅशियम बघायची कटकट.

पुढचा टप्पा आत्याच्या मुलाला सर्वांत कमी पटला. घरी आली, जेवायला लागली, क्रिएटिनिन १.४. "आता झालं की बरं," तो म्हणाला. पण सुटून गेलेल्या पेशींची जागा शेजारच्या पेशींना विभाजन करून भरून काढावी लागते, आणि ते दरवेळी नीट होत नाही. काही पेशी विभाजनाच्या जी-२ आणि एम टप्प्यांच्या मध्ये अडकतात आणि तिथून तंतू तयार करायला लावणारी रसायनं सोडत राहतात. बॉस्टनच्या जोसेफ बॉनव्हेंत्र यांच्या गटाने २०१० साली हे उंदरांत दाखवलं. त्यातून हळूहळू फायब्रोसिस (किडनीत व्रणासारखे तंतू साठणं), आणि काही वर्षांनी क्रॉनिक किडनी डिसीज. मधुमेही माणसात ही शक्यता आणखी मोठी. म्हणून तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन दोन्ही तपासायचं असतं, नुसतं एक नाही.

आत्या तपासणीला आली तेव्हा क्रिएटिनिन १.२ होतं, अल्ब्युमिन थोडं जास्त. नेफ्रॉलॉजिस्टने तिची रक्तदाबाची गोळी बदलली, साखरेच्या औषधांतलं एक कमी केलं, आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळ्यांची पट्टी तिच्या पिशवीतून काढून माझ्याकडे दिली. त्यात डायक्लोफेनॅक होतं, वर सांगितलेल्या वेदनाशामकांपैकीच एक. आत्याचं म्हणणं, ती काही रोज घेत नाही, बाजारच्या दिवशीच घेते. बाजार काही रोज भरत नाही हे खरं, पण पट्टीतल्या रिकाम्या खाचांवरून तो फारच वेळा भरत असावा. तिच्या मुलाला मी गुडघ्यासाठी पॅरासिटॅमॉल आणि फिजिओथेरपीवाल्याचा नंबर दिलाय, आणि पुढच्या तपासणीची तारीख त्याच्या फोनमध्ये घालून दिलीय.